‘हो सर’ आणि ‘काही नाही’

प्रश्न थोडक्यात असा. चाकणच्या एका कारखान्यात मशीन शॉपला शिफ्ट इनचार्ज असलेले एक गृहस्थ लिहितात : हाताखालची १९-२० वर्षांची आयटीआय झालेली मुलं सांगितलं एक तर करतात दुसरं, आणि चूक झाली की लपवतात. अप्रेझलमध्ये वरिष्ठांनी ‘कम्युनिकेशन सुधारा’ असा शेरा मारला आहे. घरी दहावीतला मुलगा ‘काही नाही’ आणि ‘बरं’ याच्यापुढे जात नाही. तेव्हा बापलेकांनी मिळून इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावावा का?

क्लासचं शेवटी बघू. आधी प्रश्नाची फोड करतो, कारण ‘कम्युनिकेशन’ या एका शब्दाखाली तुम्ही तीन निरनिराळी दुखणी मांडली आहेत. सांगितलेलं काम तसंच्या तसं होत नाही, हे पहिलं. वाईट बातमी तुमच्यापर्यंत वेळेवर येत नाही, हे दुसरं. मुलगा मन मोकळं करत नाही, हे तिसरं. यातलं एकही इंग्रजी कच्चं असल्यामुळे झालेलं दिसत नाही.

कारखान्यातल्या सुपरवायझरांना शिकवताना आणि आठवी ते दहावीच्या मुलांच्या पालकांशी बोलताना मला एक गोष्ट फार वेळा दिसते. माणूस लाइनवर बोलणं अर्धवट सोडतो आणि घरी ते फार लवकर संपवतो. लाइनवर ‘समजलं ना?’, ‘हो सर’ एवढ्यावर तो पुढच्या मशीनकडे जातो. घरी मुलाचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत निकाल देऊन मोकळा होतो. व्हायला हवं उलटं. कामाची सूचना गाठ मारून पक्की करायची असते, आणि वयात आलेल्या मुलाशी बोलणं सैल सोडायचं असतं, त्याला पुढे बोलायला जागा राहील असं. तुमच्याकडे हे किती लागू आहे ते तुम्हालाच पडताळावं लागेल. लाइनवर किती माणसं, ती कुठली, भाषा कोणती, शिफ्ट कशा फिरतात, मुलाचा मूळ स्वभाव काय, यावर बरंच अवलंबून आहे.

आधी लाइनवरचं. ‘हो सर’ या दोन शब्दांचे निदान तीन अर्थ होतात : ऐकू आलं, समजलं, आणि करतो. नवीन मुलगा बहुधा पहिल्या अर्थाने म्हणतो आणि तुम्ही ते तिसऱ्या अर्थाने घेता. त्याला दोष देऊ नका. शाळेत दहा वर्षं ‘समजलं का?’ला वर्गाने एका सुरात ‘हो’ म्हटलेलं त्याने ऐकलं आहे, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याचं काय होतं तेही पाहिलं आहे. त्यामुळे ‘समजलं का?’ हा प्रश्न लाइनवरून काढूनच टाका. त्याच्या उत्तरातून तुम्हाला काहीच कळत नाही.

एक उदाहरण जवळून बघू. टर्निंगला, म्हणजे फिरत्या नगाला टूल लावून तो गोल कापताना, बाहेरचा व्यास २० मायक्रॉन (०.०२० मिलिमीटर) मोठा येतोय. तुम्ही मशीनच्या आवाजात ओरडून सांगता, ‘एक्सला वीस मायनस दे.’ तुमच्या डोक्यात चित्र स्वच्छ आहे : एक्स म्हणजे व्यासाची दिशा, तिचा वेअर ऑफसेट (टूल झिजलं की साइज जुळवायला मशीनला दिलेली दुरुस्ती) आत्ता उणे ०.१५० मिलिमीटर आहे, तो उणे ०.१७० व्हायला हवा. आता ट्रेनीच्या हातून काय काय होऊ शकतं ते बघा. फॅनुक कंपनीच्या कंट्रोलवर (मशीन चालवणाऱ्या संगणकावर) ‘इनपुट’ आणि ‘प्लस इनपुट’ अशा दोन वेगळ्या की असतात. ‘प्लस इनपुट’ आहे त्या आकड्यात भर घालते, ‘इनपुट’ जुना आकडा पुसून नवा बसवते. त्याने उणे ०.०२० टाकून ‘इनपुट’ दाबलं, तर ऑफसेट तेवढाच उरतो आणि २० मायक्रॉन मोठा असलेला पीस १५० मायक्रॉन मोठा निघतो. की बरोबर दाबली पण ‘पॉइंट झीरो टू’ऐवजी ‘पॉइंट टू’ टाकलं, तर व्यास १८० मायक्रॉन लहान होतो आणि पीस सरळ स्क्रॅपमध्ये जातो. आकडा बरोबर, पण रफिंगच्या (आधीच्या जाड कापाच्या) टूलच्या ओळीवर टाकला, तर फिनिश साइज होती तशीच राहते आणि सगळे बुचकळ्यात पडतात. तिन्ही वेळा तो म्हणणार, ‘सर, तुम्ही सांगितलं तेच केलं.’ त्याच्या बाजूने ते खरं आहे.

सूचना अशी हवी : ‘टूल नंबर ३, वेअर ऑफसेट, एक्स. आत्ता उणे पॉइंट एक-पाच-शून्य आहे. स्क्रीनवर उणे पॉइंट एक-सात-शून्य दिसलं पाहिजे. एक पीस काढ, मोज, रीडिंग मला दाखव. त्याच्याआधी दुसरा लावू नकोस.’ यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की बदल किती करायचा ते सांगितलेलंच नाही. शेवटी डोळ्यांना काय दिसलं पाहिजे ते सांगितलं आहे. बदल सांगितला की तो कशात, कुठल्या बाजूला आणि किती शून्यांनंतर, हे ट्रेनीला स्वतः भरावं लागतं. दिसणारा शेवट सांगितला की त्याला स्वतःलाच पडताळून बघता येतं. ऑफसेटच कशाला, कूलंटची पातळी, टॉर्क, पॅकिंगमधला नगांचा आकडा, सगळीकडे हे चालतं.

एवढं झाल्यावर गाठ मारायची. ‘मी नीट सांगितलं का बघू दे. तू आता काय काय करणार, मला सांग.’ हे वाक्य असंच वापरा, कारण त्यात परीक्षा तुमच्या सांगण्याची आहे, त्याच्या डोक्याची नाही. ‘सांग बघू काय सांगितलं मी?’ असं दरडावलंत तर तो पोपटासारखं म्हणून दाखवेल. पोपटपंची वाटली तर एकच पुढचा प्रश्न विचारा : ‘आणि रीडिंग अजूनही मोठं आलं तर?’ जो समजून बोलतोय तो उत्तर देतो किंवा ‘तुम्हाला बोलावतो’ म्हणतो. जो पाठ बोलतोय तो गप्प होतो, आणि तिथेच तुम्हाला राहिलेली जागा सापडते. सगळं मिळून पंधरा-वीस सेकंद लागतात.

विमानवाहतुकीत ही शिस्त फार मोठी किंमत देऊन पक्की झाली. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर, दाट धुक्यात, केएलएम आणि पॅन ॲम या विमान कंपन्यांची दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. केएलएमच्या कॉकपिटमधून रेडिओवर गेलेलं वाक्य मोघम होतं : विमान उड्डाणासाठी उभं आहे की धावायला लागलं आहे, ते त्यातून ठरत नव्हतं. नियंत्रकाने त्याला ‘ओके’ म्हटलं. त्याचं पुढचं ‘थांबा’ दुसऱ्या विमानाच्या रेडिओशी एकाच वेळी आल्याने नीट ऐकूच गेलं नाही. त्यानंतर शब्द बांधले गेले. ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. आणि परवानगी मिळाली की नुसतं ‘ओके’ न म्हणता ती परत म्हणून दाखवायची.

तुमच्या लाइनवरही असे फसवे शब्द आहेत, ते शोधून काढा. मराठीत ‘परवा’ हा शब्द मागच्या आणि पुढच्या दोन्ही दिवसांना चालतो. ‘परवा बेल्ट बदललाय’ आणि ‘परवा बेल्ट बदलायचाय’ यांतला फरक क्रियापदाच्या शेपटीवर लटकतो, आणि गोंगाटात शेपटीच ऐकू येत नाही. तारीख सांगा. ‘पावणेतीन’, ‘दीड’ हे इंग्रजी माध्यमाच्या मुलाला अडतात, ‘एकोणऐंशी’ तर हमखास. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या मुलाला मराठी आकडे हिंदीशी घोळतात. म्हणून मोजमापाचा आकडा नेहमी एकेक अंक करून सांगा, ‘सात-नऊ’, आणि शक्य असेल तिथे लिहून दाखवा. यात कुणाला कमी लेखण्यासारखं काही नाही.

हे झालं एका सूचनेचं. पूर्ण काम शिकवायचं असेल तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाने तयार झालेली आणि पुढे जपानी कारखान्यांनी उचललेली चार पायऱ्यांची पद्धत आजही पुरते : माणसाची तयारी करून घ्या, काम करून दाखवा, त्याला करायला लावा, आणि नंतर जाऊन बघत राहा. आपल्याकडे तिसरी पायरी वगळली जाते. ‘बघितलंस ना? कर आता’ म्हणून इनचार्ज निघतो. त्या पायरीवर मुलाने काम करता करता प्रत्येक टप्प्याचं कारण तोंडाने सांगायचं असतं. इन्सर्ट, म्हणजे टूलच्या टोकाचा कापणारा तुकडा, बदलताना ‘सीट पुसतो’ एवढं पुरत नाही. ‘सीट पुसतो, कारण खाली चिप राहिली तर इन्सर्ट सपाट बसत नाही, साइज हलते नाहीतर इन्सर्ट फुटतो’, इथपर्यंत यायला हवं. कारण ज्याला माहीत असतं तो रात्री तीन वाजताही सीट पुसतो.

शिफ्ट बदलतानाचं बोलणं हा वेगळा विषय आहे, पण टाळता येत नाही. ६ जुलै १९८८ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या फलाटावर एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि त्या जागी नुसती फ्लँज (झाकणासारखी धातूची तबकडी) बसवून तोंड बंद केलं होतं. ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोचली नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हा चालू केला. १६७ माणसं मेली. कागद होता, परमिट होतं, पण ज्याला गरज होती त्याच्या कानावर ते पडलं नाही. म्हणून हँडओव्हर गेटवर चहाच्या कपावर करू नका, मशीनसमोर उभं राहून करा, दहा मिनिटं राखून. सुरुवात कधीही प्रॉडक्शनच्या आकड्याने करू नका. आधी अर्धवट राहिलेलं, काढून ठेवलेलं आणि तात्पुरतं जोडलेलं सांगा, मग क्वालिटीचं, आणि आकडा सगळ्यात शेवटी. आकडा लॉगबुकात असतोच. येणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचं. ‘सगळं ओके’ हे हँडओव्हर म्हणून चालवून घेऊ नका.

आता चुका लपवण्याचं. मुलं चूक लपवतात ती बहुतेक वेळा पहिल्या दहा सेकंदांच्या भीतीने. तुमच्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य पुढच्या सहा महिन्यांचा नियम ठरवतं, आणि तो नियम सांगणाऱ्या मुलाबरोबरच लांबून बघणारी बाकीची सगळी मुलं शिकतात. ‘सर, साइज गेलीय’ असं कुणी येऊन म्हणालं की पहिलं वाक्य ‘बरं केलंस लगेच सांगितलंस’, आणि दुसरं ‘शेवटचा चांगला मोजलेला पीस कितवा?’ ‘का केलंस?’ हा प्रश्न तेव्हा नको. ‘का’ विचारलं की माणूस बचावाला लागतो. ‘कितवा’ विचारलं की तो आठवायला लागतो.

याचा हिशोबही घालून ठेवा, मुलांना दाखवायला. दर दहाव्या पीसला मोजायची पद्धत असेल आणि चूक लगेच सांगितली, तर संशयित नग दहाच्या आत असतात. सायकल टाइम, म्हणजे एका पीसला लागणारा वेळ, ९० सेकंद असेल तर तासाला ४० पीस निघतात, आणि चार तास पोटात ठेवलं तर १६० पीस वेगळे काढून तपासायला लागतात. हे गणित मुलांसमोर एकदा फळ्यावर करा. ‘लपवू नका’ असं दहादा बजावण्यापेक्षा ते जास्त पोचतं.

मग शिस्त कुठे? ती आहेच, पण त्या क्षणी नाही आणि चारचौघांत नाही. कामाची दुरुस्ती झाली की, शक्यतो त्याच शिफ्टमध्ये, बाजूला घेऊन बोला : मी काय पाहिलं, त्याने काय झालं, पुढच्या वेळी काय हवं. ‘तू नेहमीच असा’ हे वाक्य यात कुठेच बसत नाही, कारण त्यावर करण्यासारखं काही नसतं. तीच चूक तिसऱ्यांदा झाली तर मात्र तो बोलण्याचा प्रश्न उरत नाही. शिकवणं अपुरं आहे, फिक्श्चरमध्ये (नग पकडून ठेवणाऱ्या साधनात) चूक होऊच न देणारी सोय नाही, किंवा माणूस जाणूनबुजून करतोय. तिन्हींचे उपाय निरनिराळे. आणि सुरक्षेला अपवाद आहे : चकजवळ (नग धरून फिरणाऱ्या भागाजवळ) हात जाताना दिसला की जोरात ओरडा. हात बाहेर आल्यावर, का ओरडलो ते शांतपणे सांगा.

तेनेरिफची आणखी एक गोष्ट इथे लागू पडते. टक्कर होण्याच्या काही क्षण आधी केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती की समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालेलं नाही, आणि त्याने तसं विचारलंही. कॅप्टन फार ज्येष्ठ होता. त्याने ठामपणे शंका उडवून लावली, आणि इंजिनिअरने पुन्हा विचारलं नाही. तुमच्या लाइनवर हा दुसरा प्रश्न विचारायची मुभा लागते. म्हणून नवीन मुलांना एक ठराविक वाक्य हातात द्या : ‘सर, मला शंका आहे, एकदा थांबून बघू.’ हे वाक्य म्हटलं की काम थांबणार, शंका खोटी निघाली तरी कुणी हसणार नाही, हे तुम्ही दोन-तीनदा पाळून दाखवलंत की वाक्य रुजतं. एकदा जरी हसलात तरी ते संपलं.

वरिष्ठांच्या शेऱ्याचं काय? तो बहुधा तुमच्या वर जाणाऱ्या निरोपांबद्दल असावा, पण अंदाजावर जाऊ नका. त्यांना जाऊन विचारा, ‘गेल्या महिन्यातला एखादा प्रसंग सांगाल का, जिथे माझं कळवणं कमी पडलं?’ प्रसंग हाती आल्याशिवाय सुधारणा कशात करणार? सर्वसाधारणपणे जे खटकतं ते असं : ‘सर, मशीन ४ला प्रॉब्लेम आहे, बघतोय.’ हे वाचून साहेबांना चार फोन करावे लागतात. त्याऐवजी : ‘मशीन ४ दुपारी २.१० पासून बंद, हायड्रॉलिक प्रेशर येत नाही. आजच्या डिस्पॅचला १२० नग कमी पडतील. मशीन ६ वर सेटिंग केलं तर ७० निघतील, पण ६ वरचं उद्याचं काम मागे जाईल. करू का, ते ३ वाजेपर्यंत कळवा.’ काय झालं, कधीपासून, फटका किती, माझा पर्याय काय, आणि तुमच्याकडून काय हवं. मराठीत लिहा, मराठी-इंग्रजी मिसळून लिहा, काही बिघडत नाही.

इथे लाइन सोडून घरी येऊ, आणि येताना हे सगळं तंत्र गेटवर ठेवून या. मुलाला ‘मी काय सांगितलं ते परत म्हण’ असं केलंत तर तो उरलंसुरलंही बोलायचा थांबेल.

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरावस्था म्हणते. म्हणजे तुमचा पंधरा वर्षांचा मुलगा आणि लाइनवरचा एकोणीस वर्षांचा ट्रेनी एकाच टप्प्यात आहेत. मेंदूचा जो भाग आवर घालतो, पुढचा विचार करतो, त्याची वाढ पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू असते. भावना आणि मित्रांच्या मताचं वजन मात्र आधीच तीव्र झालेलं असतं. या वयात मुलाला आपला कारभार आपण बघावा असं वाटू लागतं, आणि ते वाटायलाच हवं. अशा वेळी ‘अभ्यास झाला का?’, ‘जेवलास का?’, ‘कुणाशी बोलत होतास?’ हे प्रश्न तुमच्या मनात काळजीचे असले तरी त्याच्या कानाला ते गेटवरच्या तपासणीसारखे लागतात. तपासणीला लोक कमीत कमी शब्दांत उत्तर देतात. ‘काही नाही’ हे त्या प्रश्नांचं अगदी योग्य उत्तर आहे.

एक नमुना.

‘जॉमेट्रीचा पेपर गेला माझा.’

‘गेला म्हणजे? किती मार्कांचं सुटलं? तरी सांगत होतो, मोबाईल बाजूला ठेव.’

‘काही नाही. जाऊ दे.’

आता हाच प्रसंग, बापाने हात आखडता घेऊन :

‘जॉमेट्रीचा पेपर गेला माझा.’

‘अरे. काय झालं?’

‘चौथ्या प्रश्नात अडकलो.’

‘हं.’

(इथे गप्प बसायचं. मनात दहा आकडे मोजा. हे दहा सेकंद फार लांब वाटतात.)

‘प्रमेय येत होतं. आकृतीच चुकली. मग वेळच नाही पुरला.’

‘येत असून गेलं म्हणजे जास्त लागतं.’

‘हो ना... सर परत एक टेस्ट घेणार आहेत म्हणा.’

दुसऱ्या वेळी बापाने फक्त तीन वाक्यं वापरली, तीही अगदी छोटी, आणि मुलाने स्वतःहून पुढची वाट काढली. मार्क किती गेले हे अजून कळलेलं नाही, आणि त्या संध्याकाळी ते कळलं नाही तरी चालतं. सल्ला द्यायचाच असेल तर आधी विचारा : ‘नुसतं ऐकू, की काही सुचवू?’ तो ‘ऐका’ म्हणाला तर खरोखर नुसतं ऐका. हा शब्द एकदा मोडलात तर पुढच्या वेळी विचारण्याला अर्थ उरत नाही. चुलतभावाशी, शेजारच्या मुलीशी तुलना नको. त्याने सांगितलेली गोष्ट रात्री जेवताना आत्याला फोनवर सांगू नका. मुलं घरी बोलायची बंद होतात त्यात हे कारण मोठं असतं, आणि पालकांच्या ते ध्यानीमनीही नसतं.

वेळ आणि जागाही बघा. या वयात झोपेचं घड्याळ पुढे सरकतं, त्यामुळे सकाळी सहाला मुलगा अर्धा झोपेत असतो आणि रात्री दहा-साडेदहाला बोलायला लागतो. तुमच्या फिरत्या शिफ्टमध्ये सेकंड शिफ्टच्या आठवड्यात गाठ पडणारच नाही, ते गृहीत धरा आणि दोन ओळींची चिठ्ठी ठेवा, ज्यात एकही प्रश्न नसेल. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यातली एखादी रात्र मात्र जागून राखा. समोरासमोर खुर्चीत बसवून ‘आपण जरा बोलू’ म्हणू नका, त्याच्या पोटात गोळा येतो. शेजारी शेजारी काहीतरी करताना बोलणं निघतं : गाडीची चेन साफ करताना, शेंगा सोलताना, क्लासला सोडायला जाताना. तुमचा स्वतःचा फोन तेव्हा खिशात हवा.

मुलाला बोलायला शिकवायचं म्हणजे वक्तृत्व स्पर्धेला उभं करायचं असं नाही. त्याला चार गोष्टी यायला हव्यात : मदत मागणं, नाही म्हणणं, न चिडता असहमत होणं, आणि चुकलं म्हणणं. या घरकामातून येतात. गॅस एजन्सीला फोन त्याला करू द्या. वीज गेल्याची तक्रार त्याने नोंदवायची आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा. बँकेत पासबुक भरून आणायचं. शिक्षकांकडे जाऊन ‘मला हे उदाहरण इथपर्यंत येतं, इथून पुढे अडतं’ असं सांगायचं. पहिल्या फोनला अडखळेल, शेजारी उभे राहा पण फोन हातात घेऊ नका.

‘नाही’चा सराव तर करून घ्याच. मित्र गाडीची चावी हातात देतात तेव्हा लांबलचक कारणं टिकत नाहीत, प्रत्येक कारणाला मित्रांकडे तोड असते. एक छोटं वाक्य लागतं आणि तेच तीनदा म्हणता यावं लागतं : ‘नको, मी चालवत नाही.’ वाटल्यास तुमच्यावर ढकलू द्या, ‘बाबा पकडले जातील’ म्हणू द्या. ते खोटंही नाही : मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दोन प्रसंगी मात्र माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. मुलगा फक्त तुमच्याशीच नाही, तर मित्रांशीही बोलेनासा झाला असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, आवडीचा खेळही सोडला असेल आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल, तर तो अबोला नसून आजार असू शकतो. जगण्याचा कंटाळा आल्यासारखं बोलला तर त्याच दिवशी स्पष्ट विचारा, ‘स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?’ विचारल्याने मनात भरतं, ही समजूत चुकीची आहे. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. दुसरा प्रसंग तोतरेपणाचा. बोलताना शब्द अडकत असेल म्हणून मुलगा गप्प राहत असेल, तर ‘सावकाश बोल’ म्हणू नका आणि त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. वाचा-उपचारतज्ज्ञ गाठा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे, आणि मोठ्या रुग्णालयांतही सोय असते.

राहिला क्लास. तुमच्यासाठी : ग्राहकाचे ऑडिटर लाइनवर इंग्रजीत प्रश्न विचारत असतील, किंवा बढतीनंतर परदेशी कंपनीशी मेल करायची असतील, तर इंग्रजी लागेल. पण सर्वसाधारण क्लासपेक्षा तुमच्या लाइनवर नेहमी विचारले जाणारे तीसेक प्रश्न आणि त्यांची उत्तरं क्वालिटीतल्या कुणाकडून लिहून घ्या आणि महिनाभर मोठ्याने म्हणा. मुलासाठी : दहावीच्या वर्षात एक जादा क्लास म्हणजे त्याच्या दिवसातला तुमच्यासोबतचा उरलेला तासही जाणार. बोर्डाची परीक्षा होऊ द्या. मग त्याला विचारा, त्याला हवाय का. आणि सोमवारी शिफ्टवर गेलात की एकाच मुलापासून सुरुवात करा, शक्यतो ज्याच्याशी तुमचं बरं जमतं अशा. आठवडाभर त्याला प्रत्येक सूचना वर सांगितली तशी द्या, त्याच्याकडून परत म्हणून घ्या, आणि कुठे कुठे ते जुळलं नाही ते वहीत लिहा. त्या वहीत चूक किती वेळा त्याच्या ऐकण्यात निघते आणि किती वेळा तुमच्या सांगण्यात, ते मला नक्की कळवा.